शेतकरी कुटुंबाचा आरोग्यविमा : निवड व हप्त्याची तरतूद

घरातील एका माणसाच्या शस्त्रक्रियेपायी बैलजोडी विकावी लागणे किंवा जमीन गहाण पडणे हे खेडोपाडी नवे नाही. पीक बुडाले तरी पुढील हंगामाची आशा असते. जमीन गेल्यावर तीही उरत नाही. म्हणून आरोग्यविम्याचा विचार घरची माणसे धडधाकट असतानाच करणे इष्ट होय.

प्रथम सरकारी योजना : महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२४ पासून शिधापत्रिकाधारक कुटुंबास तीत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. हप्ता भरावा लागत नाही. मात्र उपचार योजनेच्या यादीतील असावा व रुग्णालय योजनेशी संलग्न असावे. शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढविले आहे की नाही, हे आधीच पाहावे. ७० वर्षांवरील वृद्धांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे स्वतंत्र संरक्षण आहे.

खाजगी विमा निवडताना : योजनेबाहेरील उपचारांसाठी ऐपतीप्रमाणे विमा घ्यावा. एप्रिल २०२० पासून मिळणारी 'आरोग्य संजीवनी' ही साधी पॉलिसी असून तिच्या अटी सर्व कंपन्यांत सारख्या, पण हप्ते वेगवेगळे असतात. त्यामुळे तुलना सोपी जाते. तीत मंजूर खर्चाचा ५ टक्के भाग विमेदाराने सोसावयाचा असतो.

खोलीभाड्याची अट अवश्य वाचावी. समजा, पॉलिसीत दिवसाला ३,००० रुपये भाडे मान्य आहे व रुग्णास ६,००० रुपयांच्या खोलीत ठेवले. अशा वेळी भाडेच नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्कही बहुधा निम्मेच मिळते.

मधुमेह, रक्तदाब यांसारखा जुना आजार अर्जात लपवू नये; लपविल्यास ऐन वेळी दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. सांगितलेल्या जुन्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिन्यांनी संरक्षण द्यावेच लागते. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती नापसंत असल्यास परत करता येते.

हप्त्याची तरतूद : सर्व कुटुंबाची एकच पॉलिसी घेतल्यास हप्ता बहुधा सर्वांत वडील माणसाच्या वयावर ठरतो. म्हणून आईवडिलांची पॉलिसी वेगळी ठेवून हिशेब करून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर उठला आहे. माल विकून पैसे हाती येतात, त्याच सुमारास हप्त्याची तारीख येईल अशा बेताने पॉलिसी सुरू करावी. सवलतीची मुदतही टळली व पॉलिसी बंद पडली, तर जुन्या आजाराचे ३६ महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिधापत्रिकांतील नावे तपासण्याचे काम पेरणीपूर्वीच हाती घ्यावे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी व तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे, हेही लोकांस समजावून द्यावे. या तक्रारीस शुल्क पडत नाही व वकीलही लागत नाही.