‘आपल्याकडे असं होतं का?’

मुलांसाठी आफ्रिकन-अमेरिकन लेखकांची चांगली पुस्तकं सुचवा, असं म्हणणाऱ्या बहुतेक आईबाबांच्या मनात यादी आधीच तयार असते. गुलामगिरीवरचं एखादं आणि मार्टिन ल्युथर किंग यांचं चरित्र. अमेरिकेतल्या मराठी घरांत फेब्रुवारीत ही दोन पुस्तकं लायब्ररीतून येतात आणि शाळेतला ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’चा प्रकल्प संपला की परत जातात. यात चूक काही नाही. पण मुलाच्या मनात शेवटी उरतं ते एवढंच, की बिचारी माणसं, फार सोसलं त्यांनी. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आपल्या मुलाला नुसती कणव वाटावी, एवढ्यासाठी का पुस्तकं आणायची?

म्हणून माझं ऐकाल तर सुरुवात मजेपासून करा. जेरी पिंक्नी यांचं ‘द लायन अँड द माउस’ घ्या. मुखपृष्ठावर सिंहाचा भलामोठा चेहरा. पुस्तकाचं नाव नाही, चित्रकाराचंही नाही. आत प्राण्यापक्ष्यांचे आवाज सोडले तर शब्द नाहीत. गोष्ट तीच, आपण सगळे ऐकत आलो ती. फक्त पिंक्नींनी ती आफ्रिकेच्या सेरेंगेटीत नेली आहे. २०१० साली याला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. शब्द नसल्याचा आपल्याला मोठाच फायदा आहे. ज्या आजीला इंग्रजी पुस्तक हातात धरायचा संकोच वाटतो, ती हे पुस्तक अस्सल मराठीत वाचून दाखवू शकते.

दुसरं, फेथ रिंगगोल्ड यांचं ‘टार बीच’. न्यूयॉर्कमधलं हार्लेम, साल १९३९, नायिका आठ वर्षांची कॅसी. उन्हाळ्याच्या रात्री घरची आणि शेजारची मंडळी इमारतीच्या डांबरी गच्चीवर जमतात. मोठी माणसं पत्ते कुटत बसतात, खाणंपिणं चालू असतं, आणि धाकट्या भावाशेजारी गादीवर पडलेली कॅसी बघता बघता उडायला लागते. जिच्यावरून उडालं ती वस्तू आपली, असा तिचा साधा हिशेब. जॉर्ज वॉशिंग्टन पूल तिचा झालेलाच आहे. मग हळूच कळतं, की इतक्या उंचावर जिवावर उदार होऊन बांधकाम करणाऱ्या तिच्या बाबांना कामगारांची युनियन सभासद करून घेत नाही. तर कॅसी त्या युनियनच्या इमारतीवरूनच उडत जाते! आईला रोज रात्री जेवणानंतर आइस्क्रीम मिळावं म्हणून आइस्क्रीमच्या कारखान्यावरूनही एक चक्कर. अन्याय पुस्तकात आहे, पण रात्र कॅसीची आहे. रिंगगोल्ड यांनी ही गोष्ट आधी गोधडीवर रंगवली आणि शिवली होती. ती गोधडी आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे.

या पुस्तकाला १९९२ साली कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची गोल मोहोर मुखपृष्ठावर दिसली, की ते पुस्तक जरूर उघडून बघा. तो सुरू झाला १९६९ साली, ग्लिंडन ग्रिअर आणि मेबल मॅकिसिक या दोन शालेय ग्रंथपाल बाईंच्या चडफडाटातून. ग्रंथपालांच्या अधिवेशनात दोघींची गाठ पडली आणि बोलता बोलता विषय निघाला: मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलं जातंय, कॅल्डेकॉट १९३८ पासून, आणि अजून एकाही कृष्णवर्णीय लेखकाला किंवा चित्रकाराला त्यातलं एकही मिळालेलं नाही. मग वाट कशाला बघायची? पुढल्याच वर्षी त्यांचा पहिला पुरस्कार दिला गेला. त्याला नाव दिलं ते किंग यांच्या पत्नीचं. या कोरेटाबाई १९५९ मध्ये पतीबरोबर भारतात आल्या होत्या आणि मुंबईत दोघं मणिभवनात उतरले होते, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.

आता जरा अवघड पुस्तकाकडे येऊ. मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही कादंबरी, १९७७ ची न्यूबेरी विजेती. दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, आणि आधी स्वतः वाचा. इथेही नायिकेचं नाव कॅसीच, पण ही १९३३ च्या मिसिसिपीतली. शाळेचा पहिला दिवस. यंदा पुस्तकं मिळणार म्हणून सगळा वर्ग खूश. पुस्तकं येतात ती डागाळलेली, फाटकी. कॅसीच्या सहा वर्षांच्या भावाला टापटीप फार प्रिय. तो पुस्तक उघडतो आणि आतल्या तक्त्यावर त्याची नजर जाते. पुस्तक कधी दिलं, कुठल्या स्थितीत होतं आणि विद्यार्थी कोणत्या वंशाचा, असे रकाने. पहिली अकरा वर्षं ते गोऱ्या मुलांकडे होतं. ‘फारच वाईट’ स्थितीला आल्यावर बाराव्या नोंदीत ते काळ्या मुलांना दिलेलं. पोरगं पुस्तक जमिनीवर आपटतं, पायाखाली तुडवतं आणि मार खातं. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती कात्री आणि खळ घेऊन बसते आणि त्या तक्त्यांवर कागद चिकटवून टाकते.

हे वाचल्यावर मूल विचारणार, “आपल्याकडे असं होतं का?” इथे आपण बहुतेक जण गडबडतो. ‘ते तिकडचं’ किंवा ‘फार जुनं झालं ते’ म्हणून सुटका करून घेतो. तसं करू नका. आंबेडकरांनी शाळेत बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यायचं आणि घरीच परत आणायचं, नळाला हात लावायचा नाही, शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या गोंड चित्रांचं ‘भीमायन’ त्याच आठवणींवर उभं आहे. कॅसीच्या शेजारी ते ठेवा. हे नातं काही माझ्या मनचं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आणि त्यावर मुलाने “आता होतं का?” असं विचारलं, तर गावातल्या वस्त्या आणि लग्नाच्या जाहिराती त्यालाच बघू द्या.

परदेशी शाळेत बाई आपलं नाव धड घेत नाहीत म्हणून वैतागलेल्या मुलाला जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ द्या. न्यूबेरी मिळवणारी ही पहिली चित्रकादंबरी. मुलं एका बैठकीत संपवतात आणि खो खो हसतात.

वाष्टी हॅरिसन यांचं ‘बिग’ मात्र घरातल्या मोठ्यांसाठी आधी आणा. कॅल्डेकॉट पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री; ते त्यांना २०२४ मध्ये मिळालं. बाळ असताना जिला ‘केवढी मोठी झाली!’ म्हणून कौतुकाने उचलून घेत, तीच मुलगी थोडी वाढल्यावर मैदानातल्या झोपाळ्यात अडकते, आणि मग मोठेपणाचे टोमणे सुरू होतात. पानागणिक ती फुगत जाते, पुस्तकाच्या चौकटीत मावेनाशी होते. शेवटी ती लोकांचे शब्द लोकांना परत देऊन टाकते. दिवाळीला घर भरलं असताना हे पुस्तक बैठकीच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असं ठेवा. ‘किती सुटलीस गं’ आणि ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ म्हणणारी मंडळी तिथेच बसलेली असतात.