बाई चारच मुलांना घेऊन का बसतात?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. बाई रोज चार-पाच मुलांना बाजूला सतरंजीवर घेऊन बसतात आणि त्यांच्याकडून वाचून घेतात. तेवढा वेळ बाकीचा वर्ग आपापलं काहीतरी करत असतो. आमच्या वेळी सगळ्यांना एकदम धडा शिकवायचे आणि आम्हीही वाचायला शिकलोच की! मग हा खटाटोप कशाला? मुलगी ‘मागच्या’ गटात आहे, त्याची काळजी करू का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : राग मानू नका, पण ‘आम्हीही शिकलोच’ म्हणणाऱ्यांत तुमच्या वर्गातली न शिकलेली मुलं धरलेली नाहीत. ती अशा सदरांना पत्रं लिहीत नाहीत. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणत असतो, तेव्हा मागच्या रांगेतलं पोर ओठ हलवून वेळ मारून नेतं. बाईंना ते कळायला मार्ग नसतो.

सतरंजीवर काय होतं ते बघा. समजा, पुस्तकात वाक्य आहे, ‘म्हातारीने विहिरीच्या काठावर घागर ठेवली.’ एक मुलगा ‘म्हा’पाशीच अडतो. म आणि ह दोन्ही त्याला येतात, पण ते एकमेकांना चिकटल्यावर काय करायचं हे माहीत नाही. दुसरी मुलगी घडाघडा वाचते. ‘काठावर काय ठेवलं गं?’ म्हटलं की पुन्हा पुस्तकात डोकावते आणि ‘विहीर’ म्हणते. तिसऱ्याला वाचता येतं, वाक्याचा अर्थही लागतो, फक्त घागर त्याने कधी पाहिलेली नाही. घरात प्लॅस्टिकचे कॅन. तो घागर म्हणजे घागरा समजतो, आणि म्हातारीने घागरा विहिरीवर का काढून ठेवला असेल याचं त्याला नवल वाटतं. वाटणारच!

परीक्षेत तिघांचेही गुण जातील आणि शेरा एकच मिळेल, ‘वाचन कच्चे’. पण पहिल्याला जोडाक्षरांचा सराव हवा, दुसरीला वाचता वाचता थांबून विचार करायची सवय हवी, आणि तिसऱ्याला एक घागर दाखवली की काम झालं. कोण कशाला अडलंय हे चौघांत ऐकू येतं, चाळिसांत नाही.

त्या दुसऱ्या मुलीसारख्यांसाठी एक पद्धत अमेरिकेत ॲनमारी पालिंक्सार आणि ॲन ब्राऊन या दोघींनी आखली. 1984 साली त्यांनी त्यावर लिहिलेला निबंध आजही वाचला जातो. त्यांच्या प्रयोगातली मुलं सातवीची होती, शब्द नीट वाचायची, पण मजकुरातलं हाती काही लागत नसे. लहान गटात एकेक परिच्छेद घ्यायचा आणि चार गोष्टी करायच्या : थोडक्यात सांगायचं, त्यावर प्रश्न विचारायचा, अडलेलं उलगडायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. आधी शिक्षकाने हे मोठ्याने करून दाखवायचं, मग पाळीपाळीने एकेका मुलाने ‘शिक्षक’ व्हायचं. आपल्याकडच्या पोरांना हे शिकवावंही लागत नाही. बाईंची नक्कल करायला मिळाली की ती सरसावून बसतात. मात्र प्रश्न ‘घागर कोणी ठेवली?’ एवढाच राहू देऊ नये. ‘काठावरच का ठेवली?’ इथपर्यंत पोचलं की समजावं, पोर वाचू लागलं.

पहिल्या मुलाला यातलं काहीच लगेच उपयोगी नाही. ज्याला अक्षर लागत नाही त्याने अंदाज कशाचा बांधायचा? अडलेला शब्द चित्र बघून ओळखायची सवय तर अजिबात लावू नये. चित्रात माकड दिसलं म्हणून मूल ‘वानर’ला ‘माकड’ म्हणतं आणि आपण शाबासकी देतो! मराठीत लिहिलेलं आणि वाचलेलं यांचा मेळ बराच सरळ आहे, तेव्हा काना-मात्रा बघून वाचणं हाच जवळचा रस्ता.

मात्र नुसता गट लहान केला म्हणून मुलं शिकतात, असं नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचा ‘बालसखी’ कार्यक्रम 2001 नंतरच्या काही वर्षांत मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिला. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळं घेऊन बसे आणि त्यांना जिथे अडत होतं तिथून सुरुवात करी. ही मुलं पुढे सरकली. गंमत अशी की, ती बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दीही तेवढा वेळ कमी होत होती, पण तिथे उरलेल्यांना त्याचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. त्यांचा धडा होता तोच राहिला होता.

बाकीची मुलं तेवढ्या वेळात काय करतात, ही तुमची शंका रास्त आहे. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. पण दोनशिक्षकी शाळेत एकाच बाईंपुढे दोन इयत्ता असतात. जोडीने वाचणं, गोष्टीचं चित्र काढून खाली दोन ओळी लिहिणं, पेटीतलं पुस्तक घेऊन बसणं, अशी कामं आधी लावून दिलेली असली तर वीस मिनिटं निभतात. नाहीतर नुसता गोंगाट. थोडा गोंगाट तसाही होणारच, त्याने केंद्रप्रमुखांनी बिचकू नये.

आता तुमच्या मुलीचं. गटांना मोगरा, जाई, गुलाब अशी नावं दिली तरी कुठला ‘ढ’चा, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं. मागचा गट असणं वाईट नाही, वर्षभर तोच असणं वाईट. गावोगावच्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट असं वाचायला देतात. तशी पाच मिनिटांची तपासणी दर महिन्या-दीड महिन्याने केली, तर गट आपोआप बदलत राहतात. बाईंना ‘तिला पुढच्या गटात घाला’ म्हणू नका. ती नेमकी कशाला अडते आणि शेवटचं कधी तपासलंत, एवढं विचारा. ‘जोडाक्षरांना अडते’ असं काही नेमकं उत्तर आलं, तर निर्धास्त राहा आणि घरी संध्याकाळी दुकानांच्या पाट्या वाचून घ्या. ‘जरा कमी पडते’ एवढंच ऐकायला मिळालं, तर मात्र पुढच्या पालकसभेत प्रश्न पुन्हा विचारा.