कर्करोगचिकित्सेपूर्वी शुक्ररक्षण

वृषणाचा कर्करोग वा हॉजकिन लिम्फोमा झालेला तरुण अपत्याचा विषय स्वतःहून क्वचितच काढतो. तो वैद्यानेच काढावा. चरकाने शुक्रवह स्रोतसांचे मूळ वृषण व शेफ सांगितले आहे. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे वृषणातील बीजपेशीच नष्ट करू शकतात. मूळच गेल्यावर वाजीकरण कशाचे करणार? म्हणून केमोथेरपीच्या पहिल्या मात्रेपूर्वीच रुग्णास नोंदणीकृत वीर्यपेढीकडे पाठवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकते. शुक्राणू अल्प असले तरी नमुना द्यावाच. इक्सी पद्धतीत एका बीजास एकच शुक्राणू पुरतो. उपचारकाळात अश्वगंधा, कपिकच्छू यांची चूर्णे औषधी दुकानदारांनी कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून देऊ नयेत.