अॅनिमेशन व्हिडिओ करून घ्यायचाय? बजेट आधी उलट्या बाजूने मांडा



"सर, एक मिनिटाच्या अॅनिमेशन व्हिडिओला किती खर्च येतो?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. मग मी विचारतो, तुम्ही केटररला फोन करून नुसतं "जेवणाचं किती?" असं विचारता का? पानं किती, गोड एक की दोन, वाढपी कुणाचे, हे ठरल्याशिवाय तो ताटाचा भाव सांगतच नाही. व्हिडिओवाला मात्र बिचारा अंदाजाने एक आकडा सांगतो, आपण तो धरून बसतो आणि पुढे भांडणं होतात.

म्हणून आज आपण कोटेशनपासून सुरुवात करायची नाही. आपल्या गल्ल्यापासून करायची.

समजा तुमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय आहे. ग्राहक रोज विचारतो, "तुमचं तेल पाकिटापेक्षा एवढं महाग का?" रोज पन्नास वेळा तेच उत्तर देऊन तुमचा घसा बसतो. अशा ठिकाणी अॅनिमेशन खरंच उपयोगी पडतं, कारण घाण्यात दाणा कसा दाबला जातो हे कॅमेऱ्याने आतून दाखवता येत नाही, चित्राने येतं. (दुकान, तुमचा चेहरा, ग्राहकांचे अनुभव एवढंच दाखवायचं असेल तर मोबाईलवर शूट करा. त्यासाठी अॅनिमेशनवर पैसे घालू नका.)

आता हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. सगळा खर्च जाऊन लिटरमागे ५० रुपये सुटतात. एक ग्राहक महिन्याला ३ लिटर नेतो आणि निदान ६ महिने टिकतो. म्हणजे १८ लिटर, म्हणजे एका ग्राहकामागे ९०० रुपये. आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, या व्हिडिओमुळे सहा महिन्यांत किती नवे ग्राहक येतील? महिन्याला १० धरले तर ६० ग्राहक, म्हणजे ५४,००० रुपये. ही तुमची कमाल मर्यादा. एवढा खर्च केलात तर तुम्ही फक्त बरोबरीत सुटता, हेही ध्यानात असू द्या. महिन्याला ५च येतील असं मन सांगत असेल तर मर्यादा २७,०००. इथे मनाला फसवू नका, नंतर बँकेचं पासबुक फसत नाही.

या ५४,००० मधले सगळे व्हिडिओवाल्याला द्यायचे नाहीत. बहुतेक जण इथेच चुकतात. व्हिडिओ बनतो, छान बनतो, आणि तो दाखवायला पैसेच उरत नाहीत. नातेवाईक लाईक करतात आणि विषय संपतो. मी अशी वाटणी करेन: व्हिडिओला ३०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००, ऐनवेळच्या बदलांसाठी राखीव ३,६००, आणि उरलेले १५,००० जाहिरात म्हणून चालवायला. जीएसटीची ओळ विसरू नका. तुम्ही नियमित नोंदणीकृत असाल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल तर तो सरळ खर्चच. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

आता ३०,००० मध्ये काय बसेल? इथे कामाची रीत थोडी समजून घ्यावी लागते.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या टूडी अॅनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका मिनिटाची झाली ७२०! मोशन ग्राफिक्समध्ये मात्र आकार, अक्षरं, आयकॉन एकदाच तयार करतात आणि संगणकावर हलवतात, म्हणून ते स्वस्त पडतं. हलणारी पात्रं आली की खर्च वाढतो, पात्रांचे ओठ संवादाशी जुळवायचे म्हटले की आणखी वाढतो. थ्रीडीचा खर्च वेगळाच. त्यामुळे "मिनिटाचा दर" हा शब्द फसवा आहे. नुसत्या आयकॉनचं मिनिट आणि चार पात्रं बोलणारं मिनिट एका भावात कसं मिळेल?

खर्च कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय स्टुडिओत नाही, तुमच्या वहीत आहे. निवेदन सावकाश आणि स्पष्ट हवं असेल तर मिनिटाला साधारण १२० शब्द बसतात. तुम्ही लिहून आणलेले ३०० शब्द म्हणजे अडीच मिनिटं. आजोबांनी घाणा कधी सुरू केला, आम्हाला कोणते पुरस्कार मिळाले, आमचं ध्येय काय, हे सगळं काढा. ग्राहकाचा प्रश्न, त्याचं उत्तर, कुठे मिळेल. बास. १२० शब्दांत मावतं, मी करवून घेतलंय.

बदलांचंही असंच. स्क्रिप्टमधली ओळ खोडायला काही लागत नाही. स्टोरीबोर्डमध्ये बदल केला तर एखादं चित्र पुन्हा काढावं लागतं. अॅनिमेशन पूर्ण झाल्यावर "ती बाई जरा साडीत दाखवा ना" म्हणालात तर तिचा प्रत्येक सीन पुन्हा. म्हणून घरात ज्यांचं मत चालतं त्यांना, मग ते वडील असोत, बायको असो की भागीदार, स्टोरीबोर्डच्या वेळीच समोर बसवा. शेवटी दाखवलंत तर ते चूक काढणारच!

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या एका कोर्ससाठी व्हिडिओ करून घेतला. हौसेने निवेदनातच फी बोलून घेतली. पुढे फी बदलली. एक वाक्य बदलायला तोच आवाज हवा, आणि मूळ प्रोजेक्ट फाईल माझ्याकडे नव्हती, कारण ती मिळेल असं आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. शेवटी तो व्हिडिओ तसाच बाजूला ठेवला. तेव्हापासून किंमत, ऑफर, फोन नंबर आवाजात नको, फक्त शेवटच्या पाटीवर, आणि मूळ फाईल करारात हवीच.

करार दोन पानांचा चालेल, पण लेखी. आवाज, संगीत, तुमच्यासाठी काढलेलं पात्र यांचे हक्क घेताना मुदत आणि प्रदेश लिहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सिनेमाचं गाणं मागे लावायचा मोह नको. परवान्याचं संगीत घ्या, परवान्याची प्रत मागून ठेवा. पैसे टप्प्याने: थोडे आधी, थोडे स्टोरीबोर्ड मंजूर झाल्यावर, उरलेले सगळ्या फाईली हातात आल्यावर.

"बजेट सांगितलं तर तेवढाच भाव लावतील ना?" ही भीती मला समजते. पण न सांगता एकाने १० हजारांचं आणि दुसऱ्याने ८० हजारांचं कोटेशन दिलं तर तुम्ही तुलना कशाची करणार? माझं मत, आकडा सांगा, पण तिघांना एकच मजकूर पाठवून. साधारण असा:

"६० सेकंदांचा मराठी व्हिडिओ हवा आहे. स्क्रिप्ट तयार आहे, १२० शब्द. मोशन ग्राफिक्स, एकच पात्र, ओठ जुळवणं नको. आडवा आणि उभा अशा दोन्ही मापांत हवा. स्टोरीबोर्डवर दोन वेळा आणि अंतिम व्हिडिओवर एकदा बदल धरा. निवेदन, संगीताचा परवाना आणि मूळ प्रोजेक्ट फाईल धरून, जीएसटी वेगळा दाखवून, २५ ते ३० हजारांत काय बसेल आणि काय बसणार नाही ते कळवा. याच प्रकारचे आधी केलेले दोन व्हिडिओ पाठवा."

"काय बसणार नाही" या प्रश्नाला जो नीट उत्तर देईल, त्याला आधी फोन करा.