चित्रपटाचा दाखला: पैसा नेमका कुठे जातो?

भंडारा जिल्ह्यात मंडई उत्सवाच्या दिवसांत आजी, सून, नातवंडं असं सगळं घर झाडीपट्टीचं नाटक पाहायला एकत्र बसतं. याच प्रेक्षकांसाठी चित्रपट काढायचा बेत असेल, तर पहिला हिशेब वयोगटाच्या दाखल्याचा करा. ‘ए’ मिळाला की अठरा वर्षांखालच्यांना थिएटरात घेता येत नाही. घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टीव्हीसाठी विकायचा तर काटछाट करून नवा दाखला घ्यावा लागतो. अर्जाच्या शुल्काहून मोठा खर्च म्हणजे हे गमावलेले प्रेक्षक आणि ही काटछाट.

‘यूए’चे २०२३ च्या दुरुस्तीने ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले. ते पालकांना सूचना म्हणून आहेत; लहान मुलांना दारात अडवलं जात नाही. पूर्ण लांबीचा चित्रपट केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा अधिकारी आणि सल्लागार मंडळातले सदस्य पाहतात. हिंसा, लैंगिक दृश्यं, व्यसन, शिवीगाळ, भीती या गोष्टी तपासल्या जातात, पण १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे विचार व्हायचा तो संपूर्ण चित्रपटाच्या परिणामाचा. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती, आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं.

म्हणून ही मार्गदर्शक तत्त्वं संहिता पक्की करतानाच वाचा. शूटिंगनंतर एक प्रसंग कापला की संकलन, ध्वनिमिश्रण, थिएटरची प्रत, सगळं पुन्हा करावं लागतं. कथेलाच गरज असेल तर मात्र ‘ए’ला घाबरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ला २०१८ मध्ये एकही कट न लागता ‘ए’ मिळाला, आणि चित्रपट अखंड राहिला.

अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. शुल्क लांबीप्रमाणे ठरतं. ७२ मिनिटांपेक्षा कमी असेल तो लघुपट. ट्रेलर आणि डब केलेली आवृत्ती यांचे अर्ज वेगळे, पैसेही वेगळे. मंडळाचं कार्यालय नागपुरात नाही, मुंबईत आहे. तेव्हा भंडाऱ्याजवळच्या वरठी स्थानकाहून विदर्भ एक्स्प्रेसचं जाणं-येणं, मुक्काम आणि प्रदर्शनाच्या सोयीचा खर्च अंदाजपत्रकात धरा. पडद्यावर कुणी बिडी ओढत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश जोडावे लागतात. आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, दाखवायची असेल तर बैलजोडी मैदानात उतरवण्याआधीच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी काढा. आपल्याकडचे निर्माते नेमके इथे अडकू शकतात, कारण गावच्या पटाला परवानगी असते म्हणून चित्रीकरणालाही ती चालेल असं वाटतं.

फक्त यूट्यूबवर टाकायचा चित्रपट असेल तर प्रमाणन मंडळाच्या दाखल्याची गरजच नाही, तो खर्च वाचवा.

दाखला मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. तमिळ अभिनेते विशाल यांनी २०२३ मध्ये आपल्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीच्या दाखल्यासाठी साडेसहा लाख रुपये मोजावे लागल्याचा जाहीर आरोप केला, आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला. शुल्काचा तक्ता नियमांत छापलेला आहे; पावती मिळेल तेवढंच भरा.

दाखल्यासाठी नियमांत ४८ कामकाजाचे दिवस धरलेले आहेत. तो हातात येईपर्यंत पोस्टरवर तारीख छापू नका.