जखमी मांजरपिल्लाची शुश्रूषा : करुणेला ज्ञानाची जोड



कपाशीचा हंगाम संपला की आपल्या वणी परिसरात घरोघरी सांदवाडीत पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. याच ढिगात, कधी तुराट्यांच्या आडोशाला, तर कधी कवेलूखालच्या माळ्यावर मांजर विते. मग कोणी चुलीसाठी पऱ्हाटी ओढतो आणि आतले पिल्लू ओरबाडले जाते. माळ्यावरून पिल्लू खाली पडते. बोका किंवा कुत्रा त्याला तोंडात धरतो. असे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिले असेलच.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातील मुलांनी असेच एक पिल्लू रुमालात गुंडाळून आणले. डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला लागलेला, मागच्या पायाला जखम. आम्ही सर्वांनी मनापासून धावपळ केली. जखमेवर हळद दाबली, पिल्लाला फरशीवर पंख्याखाली ठेवले आणि त्याला उताणे धरून चमच्याने गाईचे दूध पाजले. दूध नाकातून बाहेर आले, तरी पुन्हा पाजले. सायंकाळपर्यंत ते पिल्लू गेले. पशुवैद्यकाने ते हातात घेऊन पाहिले आणि शांतपणे सांगितले, "जखम तर नखाएवढी आहे. हे थंडीने आणि फुप्फुसात गेलेल्या दुधाने गेले असावे."

त्या दिवशी आमच्यापैकी कोणाचेही मन निर्दय नव्हते. कमी पडले ते ज्ञान. प्रस्तुत पाठ त्यासाठीच लिहिला आहे.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला हितकर काय व अहितकर काय हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र व ओकारी काढण्याची त्याला किळस वाटू नये. आणि रोग्याला वेळोवेळी धम्मकथेने प्रसन्न ठेवता यावे.

यातील दोन गुण ज्ञानाचे आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नुसती माया असून भागत नाही. हेच गुण मांजरीच्या पिल्लाला लावून पाहू.

पहिले काम : ऊब

नवजात पिल्लाचे वजन साधारणतः ९० ते ११० ग्रॅम असते. नाळ तीन ते पाच दिवसांत गळते आणि डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. तेव्हा नाळ व डोळे पाहूनच वयाचा अंदाज येतो. या वयात त्याला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. ती क्षमता पूर्ण यायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर आई आणि भावंडे हीच त्याची शेगडी होय.

पिल्लू थंड पडले की त्याची आतडी काम करेनाशी होतात. अशा वेळी पाजलेले दूध पचत नाही, ते पोटातच राहते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. म्हणून हा नियम पाठ करावा : आधी ऊब, मग दूध. पंजे व तोंडाची आतली बाजू बोटाला गार लागत असेल तर दुधाचा थेंबही देऊ नये.

ऊब हळूहळू, एक ते तीन तासांत द्यावी. हवा जाण्यासाठी भोके पाडलेला बुटांचा खोका घ्यावा. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत हाताला सोसवेल इतके कोमट पाणी भरून ती जाड फडक्यात गुंडाळावी व खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. त्यामुळे जास्त गरम झाल्यास पिल्लाला दुसरीकडे सरकता येते. खोका नसेल तर फडक्यात धरून आपल्या छातीशी घ्यावे. गरम पाण्यात बुडवणे, चुलीजवळ किंवा पेटत्या बल्बखाली ठेवणे टाळावे. त्याने कातडी भाजते.

आपल्याकडच्या मे महिन्यात धोका उलटा असतो. टिनाच्या खोलीत पिल्लू तापून धापा टाकू लागते. त्याला सावलीच्या, बेताच्या उबेच्या खोलीत हलवावे, मात्र कुलरच्या झोतात ठेवू नये.

दुसरे काम : जखम

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर हलकेच पाच मिनिटे दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये. नंतर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवून त्या पाण्याने जखम धुवावी आणि सर्व अंग न भिजवता लगेच कोरडी करावी. घरी एवढेच करावे.

काय करू नये हे त्याहून महत्त्वाचे आहे. जनावराच्या जखमेत किडे पडले की आपल्याकडे टर्पेंटाईन किंवा फिनाईल ओततात. मांजराला ही दोन्ही विषे होत. पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी तीव्र वासाची जंतुनाशके, रॉकेल आणि कुत्र्यांच्या गोचिडांची पावडरही तशीच. मांजर आपले अंग चाटते, त्यामुळे बाहेर लावलेले औषध पोटात जाते. आणि त्याचे यकृत कित्येक औषधांचे विष आपल्यासारखे निकामी करू शकत नाही. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. तेव्हा आपल्या घरातले एकही औषध त्याला देऊ नये.

हाड मोडले असेल तर काड्या बांधत बसू नये. पिल्लाला खोक्यात मऊ फडक्यावर आडवे ठेवून, ऊब कायम राखून, थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. ज्याला आपण ढोरांचा दवाखाना म्हणतो तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना केवळ गाई-बैलांसाठी नसतो, तेथे मांजरही नेता येते. दाताची जखम बाहेरून लहान दिसली तरी आत पू होतो, म्हणून ती त्याच दिवशी दाखवावी.

तिसरे काम : दूध

गाईच्या दुधात प्रथिने सुमारे सव्वातीन टक्के असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय गाईचे दूध पिल्लाला मानवत नाही. जुलाब लागून अंगातले पाणी कमी होते आणि इवले पिल्लू दिवसभरात कोमेजते. मांजरीच्या पिल्लांसाठी तयार भुकटी मिळते. ती मोठ्या शहरातून मागवावी लागली तरी तीच वापरावी.

शंभर ग्रॅम वजनाच्या पिल्लाला एका वेळी तीन ते चार मिलिलिटर दूध पुरे. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. पिल्लाला आईच्या कुशीत असते तसे पोटावर ठेवावे, डोके किंचित उचललेले असावे. उताणे कधीही धरू नये. सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या पिचकारीने थेंबथेंब सोडावे. नाकातून दूध आले की तत्काळ थांबावे.

पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने शेपटीखाली हलकेच पुसावे. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपोआप लघवी-शौच होत नाही. आई चाटते तेव्हाच होते. चौथा गुण येथे कसोटीला लागतो. ज्याला याची किळस वाटेल त्याने हे काम अंगावर घेऊ नये.

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम वाढ ठीक समजावी. वजन घटले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जावे.

आई असेल तर

हे सर्व आईला पर्याय म्हणून आहे, हे विसरू नये. मांजर पिल्ले एकेक करून दुसरीकडे नेत असते. एकटे दिसलेले पिल्लू टाकलेलेच असते असे नाही. ते धडधाकट असेल तर दुरून दोन तास पाहावे. जखमी असेल तर मात्र थांबू नये. उपचार झाल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला आईजवळ परत ठेवून पाहावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, ही समजूत बहुधा खोटी ठरते.

स्वतःची काळजी

पिल्लाला कुत्र्याने धरले असेल तर त्याच्या अंगावर कुत्र्याची लाळ असते. ते जाड फडक्याने उचलावे. कोणतेही मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीविषयी विचारावे. मुलांनी ओरडा बसेल या भीतीने हे लपवू नये. रेबीज झाल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसते, पण वेळेवर घेतलेल्या लसीने तो टळतो.

समाजाचे कर्तव्य

सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही चिकित्सेची सोय केल्याचे नमूद केले आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले यांना मारण्यास मनाई आहे. स्वतंत्र भारतात १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यासाठी नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत पुढाकार घेतला होता. पाळलेले जनावर विनाकारण उपासमारीत सोडून देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा नकोशी पिल्ले पोत्यात भरून निर्गुडेच्या काठी सोडून येणे ही सुटका नव्हे.

खरा उपाय शस्त्रक्रियेचा आहे. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो, आणि चार ते सहा महिन्यांची मांजर माजावर येऊ शकते. वर्षातून दोन-तीन विणी होतात. वस्तीतील चार घरांनी वर्गणी काढून एका मांजरीची नसबंदी केली, तर पऱ्हाटीच्या ढिगात चिरडली जाणारी कितीतरी पिल्ले जन्मालाच येणार नाहीत.

शेवटी

सर्व काही बरोबर करूनही पुष्कळ पिल्ले वाचत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पाचवा गुण धम्मकथेचा आहे. पिल्लाला कथा कळत नाही, परंतु शांत हात, मंद आवाज आणि गर्दी न करणे हे त्याला कळते. आमच्या त्या पहिल्या पिल्लाभोवती पंधरा मुले उभी होती. पुढे मिळालेल्या एका पिल्लाजवळ दोनच मुलांना बसवले. एकाने बाटलीतले पाणी बदलायचे, दुसऱ्याने वही लिहायची. ते पिल्लू जगले. आज त्या वहीत पहिल्या दिवसाचे वजन ९४ ग्रॅम आणि चौदाव्या दिवसाचे २१० ग्रॅम अशी नोंद आहे.

स्वाध्याय

१. थंड पडलेल्या पिल्लाला दूध का पाजू नये?
२. गाईचे दूध पिल्लाला का बाधते?
३. मांजराच्या जखमेवर न लावण्याच्या चार वस्तू सांगा.
४. आपल्या वस्तीतील मांजरींची संख्या मोजून, नसबंदीच्या खर्चाची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करून या व वर्गात सांगा.