वर्गखोलीत हवेची ये-जा

दुपारच्या सुटीनंतर तिसरी-चौथीचा वर्ग जांभया देऊ लागला, की त्याचा दोष बहुधा मुलांच्या आळसास दिला जातो. प्रसंगी एखाद्या मुलास उभे करून शिक्षाही केली जाते. परंतु ज्या खोलीत ती मुले सकाळपासून बसली आहेत, त्या खोलीतील हवा शेवटची केव्हा बदलली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पेंगणाऱ्या मुलाविषयी मत बनविण्यापूर्वी शिक्षकाने हा प्रश्न स्वतःस विचारणे न्यायाचे होय.

प्रश्नाचे गांभीर्य साध्या गणिताने कळते. ६ मीटर लांब, ५.५ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ९९, म्हणजे सुमारे १०० घनमीटर हवा मावते. तिचे १,००,००० लिटर होतात. शांत बसलेले मूल तासाभरात साधारण १० लिटर कार्बन डायऑक्साइड वायू श्वासावाटे बाहेर टाकते. ४० मुलांचा वायू ४०० लिटर झाला. दारे-खिडक्या पूर्ण बंद असतील, तर एका तासात त्याचे प्रमाण ०.४ टक्क्याने वाढते. मोकळ्या हवेत ते सुमारे ०.०४ टक्के असते. म्हणजे प्रमाण दहापटीहून अधिक झाले. एवढ्याने विषबाधा होत नाही. परंतु हवा शिळी झाल्याची ती खूण होय. डोके जड होणे, लक्ष न लागणे, झोप येणे हे तिचे परिणाम होत. शिवाय प्रत्येक मुलाच्या शरीरातून साधारण ६० वॅट उष्णता बाहेर पडते. ४० मुले म्हणजे ६० वॅटचे ४० जुने विजेचे दिवे एका खोलीत लावल्यासारखेच झाले. क्षयरोग हवेतून पसरतो आणि कोंदट खोलीत त्याचे जंतू दीर्घकाळ तरंगत राहतात. २०२० साली आलेल्या कोविडच्या साथीने हाच धडा साऱ्या जगास पुन्हा शिकविला.

आता हवा बदलते कशी, हे पाहावे. उष्ण हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यास खालून थंड हवा येते. म्हणून खोलीस दोन मार्ग लागतात: हवा आत येण्यास खाली एक आणि बाहेर जाण्यास छताजवळ एक. वाऱ्याचा लाभ घ्यावयाचा तर खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत हव्यात. एकाच भिंतीत तीन खिडक्या असूनही खोली कोंदट राहते, याचे कारण आलेल्या वाऱ्यास पलीकडे वाट नसते.

हे तत्त्व मराठवाड्यातील जुन्या घरबांधणीस अपरिचित नव्हते. पाथरी, गंगाखेड, जिंतूर या भागांतील माळवदाच्या घरांत छतास उजेडासाठी व धुरासाठी झरोका ठेवीत; त्यास कोठे साणे, कोठे सवणे म्हणतात. दारातून आलेली हवा चुलीचा धूर घेऊन त्यातून वर निघून जाई. मातीच्या जाड थरामुळे दुपारची उष्णताही लवकर आत उतरत नसे.

पत्र्याच्या छपराचे तसे नाही. वैशाखाच्या उन्हात पत्रा ६० अंशांच्या वर तापतो व ती धग सरळ मुलांच्या डोक्यावर उतरते. अशा खोलीत पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आच्छादन बांधावे आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वर जाळीचे झरोके ठेवावेत. मधली तापलेली हवा त्यांतून निघून जाते. पत्र्यास किंवा सिमेंटच्या छतास बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिल्यास पुष्कळ ऊन परत फेकले जाते.

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी सर्व खिडक्या उघडणे म्हणजे झळ आत बोलावणे होय. उन्हाळ्यात सकाळी लवकर सर्व खिडक्या उघडाव्यात, ऊन चढताच खालच्या खिडक्या अर्ध्या लोटाव्यात, वरचे झरोके मात्र उघडेच ठेवावेत. गज व जाळी बसविलेले झरोके रात्रीही उघडे राहिले, तर तापलेल्या भिंती रात्रीच्या गार हवेने निवतात.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. म्हणून हवेसाठी भिंतीस नवे छिद्र पाडण्याचा उत्साह कोणी परस्पर दाखवू नये. भिंतीच्या कोपऱ्याजवळ किंवा तुळईच्या टेकूखाली पाडलेले भगदाड भिंत दुबळी करते. अशा कामी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातील अभियंत्याचा सल्ला घ्यावाच.

मात्र पुष्कळ शाळांत नव्या छिद्राची गरजच नसते. असलेल्या खिडकीपुढे कपाट उभे असते, तांदळाची पोती रचलेली असतात, झरोक्यावर तक्ता टांगलेला असतो किंवा त्यात चिमण्यांच्या जुन्या घरट्यांची काडी दाटलेली असते. एक तासाचे श्रमदान येथे पुरे होते.

हाच विषय पाठ म्हणूनही घेता येतो. वर्ग भरलेला असताना, बाहेर वारा पडलेला पाहून, शिक्षकाने दार थोडे किलकिले करावे व पेटती उदबत्ती स्वतःच्या हाती घेऊन प्रथम उंबऱ्याजवळ, नंतर चौकटीच्या वरच्या बाजूस धरावी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उष्ण असल्यास धूर खाली आत ओढला जातो व वर बाहेर लोटला जातो. मुलांनी निरीक्षण पाटीवर काढावे. पाचवीच्या मुलांनी स्वतःच्या खोलीची मापे घेऊन वरील हिशेब करावा. घरी गेल्यावर चुलीचा धूर कोणत्या वाटेने जातो, हे त्यांनी पाहून यावे. ज्या घरात धुरास वाट नाही, तेथे आईच्या डोळ्यांस व धाकट्या भावंडाच्या छातीस काय सोसावे लागते, हे त्यांस आपोआप उमगेल.

शाळेची इमारत बदलणे शिक्षकाच्या हाती नसते. खिडकीपुढचे पोते हलविणे त्याच्या हाती असते. उद्या प्रार्थनेपूर्वी तेवढे करून दुपारच्या तासाला मुलांचे चेहरे पाहावेत.